लहान ट्रॅक्टरला किती फुटी रोटाव्हेटर?

निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबागेसाठी लहान ट्रॅक्टर घेणाऱ्याचा दुसरा प्रश्न बहुधा रोटाव्हेटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचा असतो, आणि त्याला मिळणारे उत्तर बहुधा एका वाक्याचे असते: ‘चोवीस एचपी आहे ना, मग चार फुटी बिनधास्त घ्या.’ हे उत्तर पूर्णपणे चुकीचे आहे असे नाही, पण एचपी हा आकडा इंजिनाचा असतो आणि रोटाव्हेटर चालतो पीटीओवर, म्हणजे अवजाराला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर. शिवाय माप ठरवताना चाकांची रुंदी, अवजार उचलणाऱ्या लिफ्टची ताकद, ओळीतले अंतर आणि जमीन यांचाही विचार करावा लागतो. माझ्या मते मापाला एक खालची मर्यादा असते आणि एक वरची. खालची मर्यादा चाके ठरवतात आणि वरची पीटीओ ठरवतो, आणि खरेदीचा सगळा विचार या दोन मर्यादांच्या मधल्या जागेतच करायचा असतो.

खालची मर्यादा समजून घ्यायला टेप पुरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांमधले अंतर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे. रोटाव्हेटरची कामाची रुंदी यापेक्षा निदान दोन-तीन इंच जास्त हवी, म्हणजे चाकोरी पुसली जाते. ती कमी पडली तर टायरने दाबलेली पट्टी तशीच कडक राहते, आणि बागेत ट्रॅक्टर वर्षभर त्याच चाकोरीतून फवारणीला, खताला, मालवाहतुकीला फिरत असल्याने नेमकी तीच पट्टी मोकळी होण्याची सर्वांत जास्त गरज असते. बागेतल्या अरुंद ट्रॅक्टरची ही रुंदी ३८ इंचांच्या आसपास भरली, तर ३ फुटी, म्हणजे ३६ इंची रोटाव्हेटर तिथेच बाद होतो. काही ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची डिश (मधली तबकडी) उलटी बसवून ही रुंदी कमी-जास्त करता येते, तेव्हा मोजमाप आपण प्रत्यक्ष ज्या मापावर चाके ठेवणार आहोत, त्याच मापावर घ्यावे.

वरच्या मर्यादेचा हिशेब थोडा सविस्तर आहे. इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण ८० ते ८५ टक्के शक्ती पीटीओवर मिळते, काही ट्रॅक्टरांत याहूनही कमी मिळते. म्हणून माहितीपत्रकातला ‘पीटीओ एचपी’ हा आकडा शोधून काढावा आणि तो सापडला नाही तर विक्रेत्याला विचारावा. चार ते पाच इंच खोलीसाठी दर फुटामागे पीटीओचे पाच ते सहा एचपी धरावेत, असा माझा ठोकताळा आहे. हलक्या मुरमाड जमिनीला पाच पुरतात, काळ्या भारी जमिनीला सहा लागतात. २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर २० एचपी मिळाले, तर हलक्या जमिनीत ४ फूट आणि भारी जमिनीत जेमतेम सव्वातीन ते साडेतीन फूट निघतात. १५ एचपीच्या ट्रॅक्टरचा हाच हिशेब अडीच फुटांच्या आत येतो, आणि मग खरी पंचाईत होते, कारण त्याची चाके बहुधा त्याहून रुंद असतात. अशा वेळी चाकोरी झाकणारे माप घेऊन खोली कमी ठेवावी आणि गरज पडल्यास दोनदा फिरावे, किंवा रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून बसवावा, म्हणजे निदान एका चाकाची चाकोरी तरी झाकली जाते आणि दुसरी परतीच्या फेरीत निघते.

नांगर ट्रॅक्टरला झेपत नसेल तर मागची चाके घसरतात आणि ड्रायव्हरला ते लगेच कळते. रोटाव्हेटरचे तसे नसते. त्याचा रोटर, म्हणजे पाती बसवलेला दांडा, बहुधा चाकांच्याच दिशेने फिरतो, पाती माती मागे फेकतात आणि ट्रॅक्टर उलट पुढे ढकलला जातो. त्यामुळे मोठे माप जोडूनही लहान ट्रॅक्टर सहज चालल्यासारखा वाटतो, आणि ‘ओढतोय की मस्त’ असे म्हणणारे खोटेही बोलत नसतात. इशारा मिळतो तो इंजिनाच्या आवाजातून. कडक जागा आली की आवाज जड होतो, इंजिनाचे फेरे कमी होतात, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवरून खाली येतो आणि मागे पडणारी ढेकळे मोठी होऊ लागतात. ड्रायव्हर मग लिफ्ट थोडी उचलतो आणि काम निभावते, पण खोली निम्मी होते. ओळीच्या शेवटी उतरून मातीत काठी खुपसून पाहिली की वर भुसभुशीत गादी आणि तिच्याखाली तीन इंचांवर घट्ट थर लागतो. चार फुटी रोटाव्हेटर घेऊन तीन इंच माती हलवण्यापेक्षा साडेतीन फुटी घेऊन पाच इंच हलवणे मला केव्हाही परवडते.

मातीचा बारीकपणा मापापेक्षा वेगावर आणि पात्यांच्या संख्येवर जास्त अवलंबून असतो. रोटर मिनिटाला २०० फेरे घेत असेल आणि लहान रोटाव्हेटरच्या एका फ्लॅंजवर (पाती बसवायच्या चकतीवर) चार पाती, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन असतील, तर ताशी २ किलोमीटर वेगाला एका घावात साधारण सव्वाआठ सेंटिमीटर माती कापली जाते. ताशी ३ किलोमीटरला तेच साडेबारा सेंटिमीटर होतात. मोठ्या रोटाव्हेटरच्या फ्लॅंजवर बहुधा सहा पाती असतात, म्हणून तो जास्त वेगाला चालवूनही तेवढीच बारीक माती देतो. तेव्हा लहान ट्रॅक्टर घेतानाच त्याच्या सर्वांत खालच्या गिअरचा वेग पाहून ठेवावा. मात्र पूर्ण पीटीओवर कासवगतीने फिरून जमिनीचे पीठ करण्यातही अर्थ नाही, कारण भारी जमिनीत पहिल्याच पावसाला त्यावर पापडी धरते.

पात्यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे एल आकाराची पाती सर्रास मिळतात आणि तणाच्या, पालापाचोळ्याच्या जमिनीत ती चांगली चालतात. कडक व चिकट जमिनीत सी आकाराची पाती कमी शक्ती घेतात. एल आकाराच्या पात्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या गिलगॅंड्रा इथल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ च्या सुमारास वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी मशागत करण्याचे प्रयोग केले, तेव्हा माती बाजूला फेकली जाण्याची अडचण आली आणि ती दूर करताना एल आकाराचे पाते पुढे आले. पाती कोणतीही असोत, वाफसा नसताना रोटाव्हेटर घालू नये. ओल्या काळ्या जमिनीत पाती मातीचा तळ चोपून गुळगुळीत करतात आणि मुळे तिथेच अडतात. हराळी असलेल्या जागी तर मी रोटाव्हेटर नेतच नाही, कारण तिच्या काशांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो.

द्राक्षबागेत ओळीतले अंतर हे तिसरे बंधन असते. नऊ फुटी ओळीत दोन्ही बाजूंचे बोद (वेलींखालचे मातीचे उंच वरंबे), ठिबकच्या नळ्या आणि मुळांची जागा सोडली की मधे साडेचार-पाच फूट उरतात. या जागेत चार फुटी रोटाव्हेटर एका फेरीत काम उरकतो, आणि त्याचे आकर्षण त्यामुळेच आहे. पण विक्रेता सांगतो ते चार फूट म्हणजे पात्यांची कामाची रुंदी असते. बाजूची चेन किंवा गिअरची पेटी आणि दुसऱ्या टोकाची बेअरिंगची बाजू धरून एकूण रुंदी आणखी सहा-नऊ इंचांनी वाढते, आणि मांडवाच्या अँगलला किंवा खोडाला लागते ती हीच पेटी. मी म्हणून एकूण रुंदी मोजतो. साडेतीन फुटी रोटाव्हेटरला दोन फेऱ्या लागतात, डिझेल थोडे जास्त जाते, पण वळणावर जीव मुठीत धरावा लागत नाही. जाता जाता एक सूचना: बांधणीची सुतळी ओळीत पडलेली असेल तर ती आधी गोळा करावी, ती रोटरला गुंडाळत बेअरिंगच्या सीलपर्यंत जाते आणि सील कापते.

वजनाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. या वर्गातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांची लिफ्ट ७५० किलोच्या आसपास असते आणि साडेतीन फुटी हलका रोटाव्हेटर साधारण दोनशे किलोंचा असतो, त्यामुळे उचलण्याची अडचण नसते. मात्र लिफ्टचा आकडा खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांच्या टोकाला मोजलेला असतो आणि रोटाव्हेटरचे वजन त्याच्याही मागे असते. बांध चढताना पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे झाले, तर पुढे वजने लावावी लागतात, आणि त्यांची किंमत खरेदीच्या वेळीच धरलेली बरी.

अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करणाऱ्यांनी एचपीचा गट निवडण्याआधीच हा सगळा हिशेब करावा, कारण पूर्वसंमती आल्यावर जे माप मंजूर आहे तेच पुढे घ्यावे लागते. पैसे देण्यापूर्वी रोटाव्हेटर आपल्या ट्रॅक्टरला जोडून पाहावा. खालच्या लिंकच्या पिना २२ मिलिमीटरच्या, म्हणजे कॅटेगरी एकच्या आहेत का आणि दोन्ही बाजूंच्या पिनांमधले अंतर जुळते का, हे लहान ट्रॅक्टरांत तपासावेच लागते. पीटीओला रोटाव्हेटर जोडणाऱ्या शाफ्टच्या, एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्या रोटाव्हेटर खाली टेकवल्यावर निदान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत, आणि लिफ्ट पूर्ण वर-खाली करताना आत टेकता कामा नयेत. टेकत असतील तर दोन्ही नळ्या सारख्या मापाने कापून कडा घासून घ्याव्यात, आणि हे काम दुकानदाराकडूनच, बिल होण्यापूर्वी करून घ्यावे.