राजाने राज्य खरंच सोडलं होतं का?

मी सातारा जिल्ह्यातल्या औंधचा, पूर्वीच्या औंध संस्थानातला, असं म्हटलं की हा प्रश्न ठरलेला: "तुमच्या राजाने आपणहून प्रजेला राज्य दिलं, की गांधीजींना दाखवायला केलेलं नाटक होतं ते?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

दिलं, हे खरं. २१ जानेवारी १९३९ ला भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वराज्याची घटना लागू केली. खटपट मुख्यतः दोघांची, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर, सल्ला गांधीजींचा. गावागावांत निवडलेल्या पंचायती आल्या, त्यांच्या वरच्या पातळीला तालुक्याचा कारभार आणि सगळ्यात वर विधिमंडळ. संस्थान तरी केवढं? ७२ गावं, तीही विखुरलेली. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये परका मुलूख ओलांडायचा.

पण राजेसाहेब हात झटकून बाजूला बसले असं समजू नका. त्यांचा पिंड हेडमास्तरचा. सूर्यनमस्कारांचं तर वेडच. स्वतः रोज घालायचे आणि शाळांतल्या पोरांनाही त्यातून सुटका नव्हती. कीर्तनाला उभे राहायचे, चित्रं काढायचे. यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं संग्रहालय जरूर बघा. तिथे रविवर्म्याच्या चित्रांच्या सोबतीला हेन्री मूरचं दगडी शिल्पही आहे. माणदेशाच्या तोंडावर हेन्री मूर! प्रजेने कसं राहावं, काय शिकावं, याबद्दल या माणसाची मतं पक्की होती, आणि मतदानाचा हक्क देऊन टाकल्यावरही ती तशीच राहिली असणार.

मग सत्ता का सोडली? त्यांच्या आधीच्या राजाला इंग्रजांनी गादीवरून दूर केलं आणि १९०९ मध्ये यांना बसवलं. आपली गादी कुणाच्या मर्जीवर आहे हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. हा माझा तर्क, पण मला तो पटतो. शिवाय माणसावर भरवसा टाकायची खोड जुनीच. बेळगावातून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला, त्याची किर्लोस्करवाडी झाली.

सगळ्यात धाडसाचा भरवसा मात्र आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरला. १९३९ मध्येच तिथे शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाच्या गुन्ह्यातली माणसं शेत कसायची, बायकापोरांना सोबत ठेवायची. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचलेला. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा औंधच्याच शाळेत शिकलेले.

नाटक म्हणणाऱ्यांना मी कुंडलचं नाव सांगतो. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारचं, ते मोठं ठाणं. इंग्रज मुलखातल्या भूमिगतांना औंधची हद्द सोयीची पडली. नुसत्या देखाव्यासाठी एवढी जोखीम कोण अंगावर घेईल?

८ मार्च १९४८ ला दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पंचायतींचा प्रयोग तिथेच थांबला. स्वतंत्रपूरची वसाहत पुढे सरकारच्या तुरुंग खात्याने चालवली.