आबांच्या ट्रंकेतलं सोल्डबुख

आबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. इटलीहून परतताना त्यांच्या ट्रंकेत एका जर्मन शिपायाचं सोल्डबुख आलं. सोल्डबुख म्हणजे पगाराचं पुस्तक आणि ओळखपत्र एकातच. आमच्या घरी त्याला नुसतं ‘जर्मनाचं पुस्तक’ म्हणत. तो शिपाई मेला की कैद झाला, हे आबांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं आणि आतल्या फोटोतलं ते विशीतलं तोंड पाहून मला राहवेना. याचं पुढे काय झालं, हे शोधायचंच असं ठरवलं.

पुण्यात जर्मन शिकवणारी एक मैत्रीण मदतीला आली. छापील मजकूर तिने भराभर वाचला, पण हाताने लिहिलेल्या नोंदी जुन्या वळणाच्या होत्या, त्यांनी आम्हाला दमवलं. पहिल्या पानावर हुद्दा, रक्तगट, गॅस मास्कचं माप आणि ओळख-बिल्ल्याचा क्रमांक होता. शोध घेणाऱ्याने हा क्रमांक सगळ्यात आधी उतरवून घ्यावा. जर्मन शिपायाच्या बिल्ल्यावर नाव नसे, फक्त तुकडी, क्रमांक आणि रक्तगट. मधोमध भोकं पाडलेली ती लंबगोल पट्टी शिपाई मेला की मोडायची. खालचा अर्धा भाग नोंदीसाठी पाठवायचा, वरचा मृतदेहासोबत राहू द्यायचा.

पाचव्या पानावर जवळच्या नातेवाइकांचे पत्ते असतात. तिथे वडिलांचं नाव शाईने खोडलं होतं आणि आईचं नाव वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं. पत्ता ब्रेस्लाउचा. हे शहर आता पोलंडमध्ये आहे, व्रोत्स्वाफ. युद्धानंतर तिथल्या जर्मनांना निघून जावं लागलं, त्यामुळे त्या पत्त्यावर पत्र टाकण्यात काही अर्थच नव्हता.

जर्मन युद्धकबरींची देखभाल ‘फोल्क्सबुंड’ ही संस्था करते. तिच्या संकेतस्थळावर कबर शोधता येते. या शिपायाच्या नावाचे अनेक जण निघाले, पण जन्मतारीख एकाचीच जुळली. मृत्यू एप्रिल १९४५, दफन फुटा खिंडीत. फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्यामधल्या या डोंगरी दफनभूमीत तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक आहेत. नोंदीत ब्लॉक आणि कबरीचा क्रमांकही होता.

मरणाची जागा सेनिओ नदीजवळची. वाचून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. ९ एप्रिल १९४५ ला आबांच्या पलटणीने सेनिओच्या उंच बांधांवर हल्ला केला होता. शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच लढाईतल्या पराक्रमासाठी. आमच्याकडे जाधवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बांधाच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

तपशिलासाठी मी बर्लिनला जर्मन संघीय अभिलेखागाराकडे अर्ज केला. जर्मन सैन्याच्या जीवितहानीची नोंद ठेवणाऱ्या जुन्या कचेरीची एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक कार्डं २०१९ पासून त्यांच्याकडे आहेत. उत्तर यायला फार वेळ लागतो, घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. तोवर मी जर्मन रेडक्रॉसच्या बेपत्ता सैनिकांच्या चित्रयाद्या चाळत होतो. १९५७-५८ मध्ये काढलेल्या या याद्या तुकडीनुसार लावलेल्या असून परतलेल्या सैनिकांना त्या दाखवत, कुणी ओळखतं का म्हणून. त्यात तो सापडला. फोटो वेगळा, साध्या कपड्यांतला. म्हणजे त्याच्या घरचं कुणीतरी जिवंत होतं आणि युद्ध संपून बारा वर्षं झाली तरी त्याची वाट पाहत होतं.

बर्लिनच्या उत्तराने बाकीचं उलगडलं. तो आधी शेतातल्या एका कबरीत निनावी पुरला होता. कागद अंगावर नव्हते. मृतदेह फुटा खिंडीत हलवताना न मोडलेला बिल्ला सापडला आणि त्यावरच्या क्रमांकावरून नाव लागलं. कागद नव्हते, कारण ते आमच्या साताऱ्याच्या घरात होते. आबांना मी दोष देत नाही. लढाईत असं प्रत्येक बाजूने होत होतं. पण त्या आईला जी वर्षं वाट पाहावी लागली, त्यात या पुस्तकाचा वाटा आहे, हे मला नाकारता येत नाही. शिवाय त्या एप्रिलात ब्रेस्लाउ वेढ्यात अडकलेलं होतं. तुकडीकडून तिला काही कळवलं गेलं असतं, तरी ते पोचणं कठीणच होतं.

फोल्क्सबुंडमार्फत मी नातेवाइकांसाठी पत्र पाठवलं. त्याच्या पुतणीचं उत्तर आलं. कबर आजीला साठच्या दशकात कळली होती, पण घर सोडताना सगळं मागे राहिलं, त्यामुळे काकांच्या अक्षरातलं काहीच घरात नाही, असं तिने लिहिलं. सोल्डबुखात त्याची सही आहे. आमचे अण्णा आधी तयार नव्हते, “आबांची आठवण आहे ती,” म्हणाले. मी त्यांना चित्रयादीतला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ट्रंकेतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. ते रजिस्टर पोस्टाने रवाना केलंय, सोबत गणवेशातल्या आबांच्या फोटोची एक प्रतही घातलीय.