सीओ ०.६२, लॅम्डा १.००

२०१८ सालची बीएस-४ पेट्रोल मारुती इको व्हॅन, दूध वाटपाची. पीयूसी मशीनवर आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.६२ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) १८० पीपीएम, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) १४.२, ऑक्सिजन ०.६. रेस धरून २५०० आरपीएमला सीओ ०.४८. आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप, १.०० (एक म्हणजे अगदी मापात). बीएस-४ पेट्रोल चारचाकीला आयडलवर सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे. २५०० च्या रेसला सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. एचसी काठावर पास, लॅम्डा चोख, सीओ दुप्पट. गाडी फेल.

आमच्याकडे यायच्या आधी या गाडीवर बराच खर्च झाला होता. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, इंजेक्टर क्लीनिंग झालेलं, पुढचा ऑक्सिजन सेन्सरही बदललेला. मालक स्वतःच गाडी चालवतो. काढलेले जुने पार्ट त्याने पिशवीत भरून आणले होते आणि एकेक काउंटरवर मांडत होता. ‘भाऊ, आता बदलायचं राहिलंय काय?’ जुन्या प्लगांचं टोक फिकट तपकिरी होतं. काजळी नाही, तेल नाही. ते प्लग अजून सहज चालले असते.

आधीच्या गॅरेजवाल्याने फक्त सीओ पाहिला, शेजारचा लॅम्डाचा आकडा पाहिलाच नाही. सीओ वाढला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे गणित कार्बोरेटरच्या काळातलं. तेव्हा स्क्रू अर्धा फेरा आवळला की काम व्हायचं. इंजेक्शनच्या गाडीत आधी चारही वायू एकत्र वाचायचे असतात. खरंच पेट्रोल जास्त जात असेल तर सीओ चढतो, ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर येतो आणि लॅम्डा एकाच्या खाली घसरतो. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तर एचसी शेकड्यांनी उडतो आणि ऑक्सिजनही वाढतो. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून सीओटू पडतो आणि लॅम्डा खोटाच वर जातो. इथे यातलं काहीच नव्हतं. इंजिनात हवा आणि पेट्रोल अगदी मापात जात होतं, जळतही व्यवस्थित होतं.

मशीन लॅम्डा काढतं ते या चार वायूंच्या हिशोबावरून. कॅटमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), सीओ आणि एचसी उरलेल्या ऑक्सिजनशी जुळून सीओटू आणि पाणी होतं. अणू तेवढेच राहतात, नुसते जागा बदलतात. म्हणून कॅट असो वा नसो, लॅम्डा तोच येतो. धडधाकट इंजिनातून कॅटच्या आधी जो धूर निघतो त्यात सीओ अर्धा-पाऊण टक्का आणि एचसी दीड-दोनशे असतोच. आमचा प्रोब, म्हणजे मशीनची नळी, टेलपाइपमध्ये होता आणि आकडे मात्र मॅनिफोल्डचे, म्हणजे थेट इंजिनाच्या तोंडचे, येत होते. मधल्या डब्यात काहीच घडत नव्हतं.

कॅट गार असली तरी असेच आकडे येतात, म्हणून तो संशय आधी काढला. साधारण २५० ते ३०० अंशांच्या खाली कॅट काम करत नाही. रांगेत वीस मिनिटं आयडलवर उभी राहिलेली गाडी याच कारणाने फेल होते, आणि हे कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पंधरा मिनिटं हायवेला पळवून आणावी, लगेच प्रोब घालावा, तो निदान फूटभर आत जावा. तसं करून पाहिलं. सीओ ०.६० वर.

मग गाडी लिफ्टवर. स्कॅनर लावला तर फॉल्ट कोड एकही नाही, पण लाइव्ह डेटात पुढचा (कॅटच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट झुलतोय आणि मागचाही (कॅटनंतरचा) त्याच्या मागोमाग, जरा मंद. कॅट जिवंत असेल तर मागचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहतो, कारण मधला ऑक्सिजनचा चढउतार कॅट पिऊन टाकते. रेस धरून कॅटवर थर्मामीटर मारला. मागची बाजू पुढच्यापेक्षा चाळीस अंशांनी गार. चालू कॅटमध्ये मागची बाजू निदान पुढच्याइतकी तापते, बहुतेकदा जास्तच. रबरी हातोडी मारली तर रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा आवाज.

मागचा सेन्सर सोडवला तेव्हा कोड का येत नव्हता ते कळलं. सेन्सरखाली लेथवर केलेलं एक बुश बसवलेलं, म्हणजे सेन्सर धुराच्या वाटेतून बाहेर ओढलेला. कॉम्प्युटरला फसवायचा हा उद्योग. अॅनालायझर मात्र टेलपाइपमधला वायू मोजतो, त्याला बुशने काय फरक पडणार! फ्लँज उघडून बॅटरी मारली तर आरपार उजेड. डब्याच्या कडेने वेल्डिंगचा लांब टाका होता, वरून चंदेरी रंग दिलेला. कापून, आतली जाळी काढून, परत शिवलेला डबा.

मालकाला विचारलं, सायलेन्सर कधी उतरवला होता? तेव्हा त्याने सांगितलं, चोरीला गेला होता. इकोच्या सायलेन्सरची चोरी ही गुजरात-महाराष्ट्रातल्या पोलिसांना पाठ झालेली तक्रार आहे. गाडी उंच आहे, माणूस जॅक न लावता खाली शिरतो, आणि थोडे नटबोल्ट सोडवले की कॅट हातात. आतल्या चिनीमातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर असतो. ती जाळी कुटून भुकटी वजनावर विकतात. या माणसाने पोलिसांत तक्रार दिली, आणि दुधाची लाइन चुकायला नको म्हणून त्याच आठवड्यात भंगारातून ‘कंपनीचा, थोडा वापरलेला’ सायलेन्सर घेतला. त्याला विकला गेला तो चोरीच्या मालाचा उरलेला पत्रा.

‘फक्त पीयूसीपुरता दुसऱ्याचा सायलेन्सर लावून देता का?’ असं त्याने विचारलं. राग आला नाही. नव्या कॅटची किंमत ऐकली की कोणीही हेच विचारेल. ते करणार नाही म्हटलं आणि आकडे समजावून दिले. दोन दिवसांनी त्याने बिलासकट नवीन आणली. बुश काढून टाकलं, गॅस्केट नवं, सेन्सर मूळ जागी. इंजिन तेल पीत नाही, मिस मारत नाही, हे आधीच पाहिलेलं होतं. नाहीतर नवी कॅटही वर्षात वितळून बसते. पळवून आणल्यावर सीओ ०.०२, एचसी १४, सीओटू १५.१, ऑक्सिजन ०.१. लॅम्डा तोच, १.००.

जाळी काढली की पिकअप वाढतो, असं सांगणारे मिस्त्री अजून पुष्कळ आहेत. चोंदलेली जाळी काढली तर वाढणारच. पण चोंदली आहे का ते बघायला पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचं. २५०० आरपीएमला ०.२ बारच्या खाली दाब असेल तर जाळीला दोष नाही, आजार दुसरीकडे शोधा. हे दहा मिनिटांचं काम आहे. न करता छिन्नी मारणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

आता जे डोक्यातून जात नाही ते. गाडीच्या कागदांत मागच्या वर्षीचं पीयूसी होतं, दुसऱ्या सेंटरचं. त्यावर सीओ ०.०३, एचसी २२. पोलिसांतल्या तक्रारीची तारीख त्याच्या दोन महिने आधीची. म्हणजे हा रिकामा डबा बसल्यानंतरचं सर्टिफिकेट. कॅट नंतर रिकामी केली असेल का, हाही विचार केला. पण फ्लँजचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, आम्हाला ते तापवून तोडावे लागले, आणि मालकही सांगतो की बसवल्यापासून सायलेन्सरला कोणी हात लावलेला नाही. तसं असेल तर ०.०३ त्या गाडीतून येऊच शकत नाही. सर्टिफिकेटवरच्या फोटोत नंबरप्लेट स्वच्छ दिसते. प्रोब कोणत्या गाडीच्या टेलपाइपमध्ये होता ते दिसत नाही. पीयूसीत ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी, कोणी वाचत नाही, खालून गाडी कोणी पाहत नाही, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. तक्रार करावी तर पहिली नोटीस जाईल ती दूधवाल्याला, कारण वर्षभर बिनकॅटची गाडी त्याने चालवली. त्याने मात्र पैसे मोजले होते, कागद घेतला होता, आणि त्या कागदावर पास लिहिलेलं होतं.