चर्चमधली इलेक्ट्रिक गिटार: अमेरिकेत येणाऱ्या वादकांसाठी

‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक, बाजाची पेटी आणि तबला यांवर कान तयार झालेला मराठी ख्रिस्ती माणूस अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये शिरतो, तेव्हा काही ठिकाणी दारातच कानात घालायचे फोमचे बोळे ठेवलेले दिसतात. ते जरूर घ्यावेत. कानाला 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते; म्हणजे 94 ला एकच तास. मंचावरच्या वादकाचा सराव आणि दोन उपासना धरल्या, तर हा हिशोब केव्हाच ओलांडला जातो.

गिटार इथल्या चर्चमध्ये बाहेरून घुसली, असं समजू नका. आर्कान्सामध्ये 1915 साली जन्मलेल्या सिस्टर रोझेटा थार्प पेंटेकॉस्टल मंडळीत वाढल्या आणि रॉक अँड रोल हे नाव रूढ होण्याआधीच गॉस्पेल गीतांना इलेक्ट्रिक गिटारची साथ देत होत्या. रॉकवाल्यांनी त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते थेट 2018 मध्ये. आज मंचावर दिसणारा बँड मात्र आला कॅलिफोर्नियातून. साठचं दशक सरताना हिप्पी तरुण ख्रिस्ताकडे वळले आणि कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलने त्यांना गिटारींसकट आत घेतलं. सगळीकडे असं नाही. चर्चेस ऑफ क्राइस्टच्या बहुतेक मंडळ्यांत आजही वाद्याविनाच गातात. गिटार खांद्याला लावून निघण्याआधी मंडळी कुठली, ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी वाजवण्याआधी विश्वासाच्या निवेदनावर सहीही मागतात. ते नीट वाचा, नुसती औपचारिकता नसते.

आता वाजवण्याचं. घरी सोलो घासून आलेल्या वादकाची पहिली निराशा इथेच होते, कारण काम साथसंगतीचं असतं. लोकांना गाता आलं पाहिजे. गायक, पेटीच्या जागी कीबोर्ड, दुसरी गिटार, बेस, ड्रम एवढं सगळं असताना तुमच्या वाट्याला वरच्या सप्तकातले दोन-तीन स्वर येतात, आणि ते पुरतात.

या साथीचा जीव डिलेच्या, म्हणजे वाजवलेला स्वर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये आहे. बहुतेक गाण्यांत लागतो तो पाऊण मात्रेचा डिले. 60,000 ला गाण्याच्या लयीने (मिनिटाला जितक्या मात्रा, त्या आकड्याने) भागा, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. त्याची पाऊणपट घ्या. लय 72 असेल तर मात्रा 833 ची आणि डिले 625 चा. 120 ला 375. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या मात्रेला स्वर सोडायचे, प्रतिध्वनी मधल्या फटींत पडतात आणि पाव मात्रेची जाळी आपोआप विणली जाते. तीन-चार आवृत्त्या आणि मिश्रण तीसेक टक्के पुरे. डिले 625 ऐवजी 600 वर राहिला, तर पहिली आवृत्ती 25 मिलिसेकंद आधी येते, तिसरी 75. श्रोत्याला चूक सापडत नाही, पण ड्रमर घसरतोय असं वाटतं आणि बोलणी तो खातो. म्हणून पायाने अंदाजे टॅप करण्यापेक्षा प्रत्येक गाण्याचा आकडा आधीच साठवून ठेवावा. दादऱ्याच्या अंगाच्या, सहा-आठच्या गाण्यात पाऊण मात्रा विसरा. तिथे सहापैकी एका ठोक्याएवढाच डिले ठेवा.

पेडलचा क्रम असा: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखरीत धार देणारं), व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा देणारं). व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधीच हवं. नंतर लावलं तर आवाज खाली नेताच प्रतिध्वनीही कापला जातो. पाळक प्रार्थना करत असताना मागे हळूच फुगवत आणलेला स्वर लागतो, तेव्हा हे जाणवतं. त्या वेळी गंधार टाळा. कीबोर्डवाला पुढे कुठली कॉर्ड धरेल याचा नेम नसतो. तंबोऱ्यासारखा सा-प धरला की काहीही आलं तरी चालतं. रिव्हर्बची शेपटी सहा सेकंदांची ठेवलीत, तर आधीची कॉर्ड नव्या कॉर्डवर सांडते. तिचे खालचे स्वर फिल्टरने कापा.

तीस वॅटचा व्हॉल्व्ह अँप मंचावर नको म्हणतात, त्यात चुकीचं काही नाही. तो गोड वाजतो मोठ्या आवाजात, आणि तेवढा आवाज पहिल्या तीन रांगांना झेपत नाही. मग तो मागच्या खोलीत किंवा पेटाऱ्यात बंद करून माइक लावतात, नाहीतर हेलिक्स, केम्परसारखं, अँपची डिजिटल नक्कल करणारं मॉडेलर थेट मिक्सरला जोडतात. मॉडेलर घरच्या हेडफोनवर भरदार लावलेला असतो. हॉलमध्ये तोच घुमतो. 100 हर्ट्झच्या खालचं कापा, ती जागा बेसची.

कानातल्या मॉनिटरमध्ये क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, आणि ‘कडवं, दोन, तीन, चार’ असं सांगणारा आवाज चालू असतो. सूर ‘काळी एक’सारख्या पट्टीने सांगत नाहीत, आणि कॉर्डही बऱ्याचदा नावाने न सांगता आकड्याने सांगतात: एक, पाच, सहा, चार. आपल्याला सोपं आहे: सा, प, ध, म. पट्टी बदलली तरी आकडे तेच. बी पट्टीत गिटारच्या चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी पट्टीतल्या कॉर्डचे आकार वाजवा.

भारतातून सामान आणताना अॅडॉप्टरवर 100–240 व्होल्ट लिहिलंय का, ते पाहा. इथे 120 व्होल्ट असतात; फक्त 230 चा जुना ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॉप्टर निम्माच दाब देईल. डिजिटल पेडल 300 मिलिअँपिअर, कधी त्याहून जास्तही मागतं. एका वायरवर पाच पेडल ओवली की गुणगुण सुरू होते, तेव्हा प्रत्येकाला वेगळा आउटपुट देणारा सप्लाय घ्या. मिक्सरला जोडताना घूं आला तर डीआय बॉक्सवरचं (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थची पिन मोडू नका.

अकूस्टिक गिटारचा खरा शत्रू उत्तरेकडचा हिवाळा. हीटरने घरातली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली जाते, लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं बोटाला टोचू लागतात. कोकणातला पावसाळा सोसलेल्या गिटारीला हा बदल फारच जड जातो. केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवून 45 ते 55 राखा.

पडद्यावर शब्द दाखवायला चर्चकडे परवाना असतो, सहसा सीसीएलआय या ख्रिस्ती गीतांचे परवाने देणाऱ्या संस्थेचा. उपासनेत गाण्याला अमेरिकी कायद्यात सूट आहे, शब्द छापायला किंवा पडद्यासाठी संगणकात उतरवायला नाही, आणि थेट प्रक्षेपणाला वेगळी परवानगी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या रचना मोकळ्या आहेत. नवी चाल किंवा नवं भाषांतर मात्र ज्याचं त्याचं. टिळकांचं भजन बँडवर बसवायचं तर केरवा चार-चारमध्ये बिनतक्रार बसतो. अडचण लयीची आहे. भजन शेवटाकडे चढतं, क्लिक चढत नाही. तेवढ्या गाण्यापुरती क्लिक बंद करायला सांगा, डिलेही बंद ठेवा, आणि टाळ ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे बघून वाजवा.