तुम्ही विचारलंत म्हणून : झांग श्वाईच का?

परवाच्या मुंजीत पुन्हा तेच. मी मठ्ठ्याचा पेला भरून घेत होते आणि मागून भाच्याचा आवाज आला, "काय मामी, तुमची ती चिनी सध्या हरतेय की जिंकतेय?" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मीही हसले, मुंजीत काय भांडायचं. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. फेडरर आवडतो म्हटलं की कोणी 'का' म्हणून विचारत नाही. चीनची टेनिसपटू झांग श्वाई आवडते म्हटलं की मला जबाब द्यावा लागतो. तर एकदाच देते. लांबेल, तयारीत राहा.

आधी किरकोळ प्रश्न उरकते. नाही, ती 'गायब झालेली' ही नव्हे. ती पेंग श्वाई, चीनच्या माजी उपपंतप्रधानावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केल्यावर दिसेनाशी झालेली टेनिसपटू. दोघींच्या नावातलं 'श्वाई' चिनी लिपीतही एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ झाला तर माफ. पाचव्यांदा नाही. संबंध आहे तो एवढाच, की पेंग श्वाईच्या प्रकरणामुळे महिला टेनिस संघटनेने 2021 च्या डिसेंबरात चीनमधल्या स्पर्धा थांबवल्या. त्याआधी कोविडने थांबवल्याच होत्या. म्हणजे 2020 च्या जानेवारीनंतर थेट 2023 च्या सप्टेंबरपर्यंत या मुलींना आपल्या देशात एकही मोठी स्पर्धा खेळायला मिळाली नाही. वर्षानुवर्षं बॅग घेऊन या देशातून त्या देशात.

आणि गलवाननंतर चिनी खेळाडू कशी चालते, हा दुसरा प्रश्न. विचारणाऱ्यांना मीच विचारते : 2021 मध्ये ऑस्ट्राव्हाला सानिया दुहेरी जिंकली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिरंगे आणि ट्रॉफीचा फोटो तुम्हीच टाकला होतात ना? त्या फोटोत सानियाच्या शेजारी कोण उभी होती? माझीच बाई. तेव्हा कोणाला गलवान आठवलं नाही.

आता मूळ प्रश्न. इतक्या खेळाडू असताना ही हरणारी का?

पहिली गोष्ट, ती 'हरणारी' नाही. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन, दोन ग्रँडस्लॅम दुहेरीत जिंकल्या आहेत तिने ऑस्ट्रेलियाच्या सॅम स्टोसरबरोबर, 2019 आणि 2021 मध्ये. दुहेरीत जगात दुसरी होती, एकेरीत बाविसावी. ऑस्ट्रेलियात आणि विम्बल्डनला एकेरीची उपांत्यपूर्व फेरी. आपल्याकडे एखादी मुलगी एवढं करेल तर तिच्या नावाने चौक होईल. पण तिच्या देशात एकेरीत ग्रँडस्लॅम जिंकणारी ली ना झाली आणि नंतर ऑलिम्पिकचं सुवर्ण घेऊन झेंग किनवेन आली. या दोघींच्या मधल्या फळीला कोण विचारतो?

इतकी वर्षं मी सगळ्यांना जे उत्तर द्यायचे, ते मेलबर्नचं. ऑस्ट्रेलियन ओपन, 2016. तोवर ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीत ती चौदा वेळा खेळली होती आणि चौदाही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर. क्रमवारी 133. खेळ सोडायचं मनात पक्कं होत आलेलं, म्हणून आई-वडिलांना सोबत नेलं होतं, मुलीला एकदा तरी मोठ्या स्पर्धेत बघून घ्या म्हणून. पात्रता फेरीतून आत आली आणि समोर कोण, तर दुसरी मानांकित सिमोना हालेप. 6-4, 6-3. दोन दिवसांनी सत्ताविसावा वाढदिवस होता तिचा. कोर्टवर मुलाखत देताना ती जी रडली, ती बघून मीही पदर डोळ्याला लावला. मग मॅडिसन कीजलाही हरवून ती शेवटच्या आठात गेली.

छान गोष्ट आहे. सांगायला सोपी, ऐकणाऱ्याला बरं वाटतं. "वा, चिकाटी!" म्हणून विषय संपतो. शाळेत शिकवत होते तेव्हा हीच गोष्ट मी नववीच्या वर्गात दोनदा सांगितली आहे, गणितात नापास झालेल्यांना. आज वाटतं, उगाच सांगितली. चौदा वेळा हरल्यावर पंधराव्यांदा जिंकली म्हणून ती चिकाटी. पंधराव्यांदाही हरली असती तर तुम्हीच म्हणाला असता, कळत कसं नाही हिला, थांबावं आता. आणि मीही म्हटलं असतं. म्हणून हे उत्तर मी परत घेते.

खरं उत्तर बुडापेस्टचं आहे. जुलै 2023.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती क्लिप पाहिली आहे, पण सगळ्यांनी ती दहा सेकंदांचीच पाहिली आहे. मी टेनिसच्या स्थानिक स्पर्धांत अकरा वर्षं अंपायरिंग केलं आहे, शनिवार-रविवार, चहा आणि वडापावच्या मानधनावर. त्यामुळे मला जरा सावकाश सांगू द्या.

मातीच्या कोर्टवर चेंडू पडला की खूण उठते. लांबट, अंड्यासारखी. अशा कोर्टवर रेष म्हणजे मातीत ठोकलेली पांढरी पट्टी. वाद झाला की अंपायरने खुर्चीवरून उतरून त्या खुणेपाशी जायचं, वाकून बघायचं. अंडं पूर्ण असेल आणि त्याच्या आणि पट्टीच्या मध्ये माती दिसत असेल, तर आउट. पट्टीकडची कड अर्धवट असेल, तर चेंडू पट्टीला लागलेला आहे, आत. एवढंच शास्त्र. म्हणून ती खूण म्हणजे पुरावा. दुसऱ्या बाजूची खेळाडू जाळी ओलांडून बघायला येऊ शकत नाही. तिला दुरूनच भांडावं लागतं.

पहिला सेट, 5-5. समोर अमारिसा टोथ, वीस वर्षांची, घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणारी, क्रमवारी पाचशेच्या पलीकडची. झांगचा क्रॉसकोर्ट फोरहँड रेषेवर पडतो. मला तरी टीव्हीवर रेषेवरच दिसला. आउट दिला जातो. अंपायर उतरते, बघते, आउटच म्हणते. झांग सुपरवायझरला बोलावते. निर्णय बदलत नाही. खेळ पुढे सुरू होतो, पण झांगचं मन त्या खुणेतच अडकलेलं. ती अजून बोलतेच आहे. आणि तेवढ्यात टोथ सावकाश चालत त्या खुणेपाशी जाते आणि बुटाने ती पुसून टाकते.

"थांब, थांब, खूण राहू दे!" झांग पलीकडून ओरडते. का पुसलीस म्हणून विचारते. ती मुलगी म्हणते, तू कटकट करतेयस म्हणून.

तो गेम गेला. 5-6. झांग बाकावर बसली, फिजिओ आली, श्वास घेता येईना, डोळ्यांतून पाणी. मग ती उठली, अंपायरशी हात मिळवला, टोथशी हात मिळवला आणि निघाली. आणि तिची पाठ वळते न वळते तोच टोथने दोन्ही हात वर केले. जिंकल्यासारखे. जिंकलीच होती म्हणा.

त्या संध्याकाळी मी आपल्या ग्रुपवर काय लिहिलं होतं, ते परवा वर सरकवत सरकवत शोधून काढलं. "पॉइंट गेला, मॅच नव्हती गेली. चौतिसाव्या वर्षी हे शोभत नाही. खेळाडूने कोर्ट सोडायचं नसतं." खाली अंगठे, सतरा. आणि कोणीतरी "मामी रॉक्स".

मी तिची चाहती, सात वर्षांची. आणि हे लिहिलं. का लिहिलं, ते मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, एवढंच.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठली स्पर्धा ते सांगत नाही. चौदा वर्षांखालच्या मुली, मे महिना, दुपारचे साडेबारा. कोर्ट मातीचं, रेषा फक्कीच्या. फक्कीच्या रेषेला चेंडू लागला की पांढरा धुरळा उडतो, त्यावरून कळतं. निदान कळायला हवं. सकाळपासून माझे चार सामने झाले होते आणि अजून तीन बाकी होते. एका मुलीचा फटका रेषेपाशी पडला, मी आउट दिला. ती म्हणाली, "मॅडम, फक्की उडाली." मी म्हटलं, नाही उडाली. ती म्हणाली, "खूण बघा ना, एकदा उतरून बघा." लांब वेणी, दातांना तार, डोळ्यांत आताच पाणी येईल अशी. समोरच्या मुलीचे वडील जाळीबाहेरून ओरडत होते, वेळ काढतेय म्हणून.

मी उतरले. खुणेपाशी गेले. आणि वाकून बघण्याऐवजी बुटाने पुसली. "संपला विषय, खेळ पुढे," म्हणाले.

वाकले नाही, कारण गुडघा दुखत होता. हे खरं आहे. वाकले नाही, कारण खूण आतली निघाली असती तर त्या बाहेरच्या वडिलांशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. हेही खरं आहे. पोरीने सामना पूर्ण केला. कोर्ट सोडून गेली नाही. पुढचे सगळे पॉइंट ती नुसती परत मारत राहिली, कडेला एकही फटका मारला नाही, सगळे मधोमध. रेषेच्या जवळ जायचंच नाही, असं ठरवल्यासारखे. हरली. शेवटी माझ्याशी हात मिळवून "थँक यू मॅडम" म्हणाली. पुढच्या मोसमात आली नाही. दहावी जवळ येतेय, म्हणाले तिचे वडील. तेव्हा ती आठवीत होती.

म्हणून जेव्हा तुम्ही म्हणता, की मामींना झांगमध्ये स्वतः दिसतात, तेव्हा मला हसू येतं. मला त्या क्लिपमध्ये मी दिसते, पण जाळीच्या दुसऱ्या बाजूला. आणि 'कोर्ट सोडायचं नसतं' हे मी लिहिलं, कारण माझ्या वेळची ती मुलगी सोडून गेली नव्हती, आणि म्हणून मी सुटले होते. झांग उठून गेली, त्यामुळे सगळ्या जगाने ती पुसलेली खूण पाहिली.

आता तुम्ही म्हणाल, हे अती झालं, एका पॉइंटचं एवढं काय. बरोबर आहे. अंपायर म्हणून आजही माझं मत आहे, की निर्णय झाल्यावर पुढे खेळायला हवं, नाहीतर एकही सामना संपणार नाही. हे मत मी सोडलेलं नाही. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ आहेत आणि त्यांचं आपसात जमत नाही.

झांगचं पुढे काय झालं? ती एकेरीत हरतच राहिली. बुडापेस्टच्या आधीपासूनच हरत होती. सलग चोवीस सामने. पुरुषांत व्हिन्स स्पाडियाचा सलग एकविसाचा विक्रम प्रसिद्ध आहे, ही त्याच्याही पुढे गेली. भाचा दर हरण्याला मला आकडा पाठवायचा. नुसता आकडा. 19. 20. 21. मी निळी खूण दिसू द्यायचे आणि उत्तर द्यायचे नाही.

मग 2024 चा सप्टेंबर, बीजिंग. क्रमवारी 595. वाइल्ड कार्ड मिळालं, म्हणजे क्रमवारी नसतानाही आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश. खरं सांगते, तेव्हा मलाही वाटलं, हे कार्ड एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीला द्यायला हवं होतं. अजूनही थोडं वाटतं. सहाशेहून जास्त दिवस एकेरीत न जिंकलेली पस्तीस वर्षांची बाई, आणि बाहेर कोवळ्या मुली रांगेत. पण ती मॅकार्टनी केसलरला हरवून गेली, दोन्ही सेट टायब्रेकवर. मग एमा नवारोला. पहिल्या दहातल्या नवारोला! तिथून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत, पाउला बादोसाने थांबवेपर्यंत.

केसलरचा सामना मी स्वयंपाकघरात फोन पोळपाटाला टेकवून पाहिला. दुसऱ्या टायब्रेकला पोळी जळली. मी काय बघत होते सांगू? तिचे फटके कुठे पडताहेत ते. कडेला मारत होती. रेषेपाशी. चोवीस हरल्यावर माणूस मधोमध मारायला लागतो हो, मी पाहिलंय. ही नव्हती लागली.

सामना संपल्यावर भाच्याने अंगठा पाठवला. मी तेव्हा त्याला फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली, फक्कीची. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग मामी, त्या मुलीला शोधून सॉरी म्हणा की." शोधायची गरज नाही. कुठे राहते मला माहीत आहे, तिच्या मुलीला शाळेच्या रिक्षात बसवताना दोनदा पाहिलंय. टोथनेसुद्धा नंतर माफी मागितली. मी गेलेले नाही. तिला आठवत नसेल तर उगाच कशाला उकरायचं, आणि आठवत असेल तर काय सांगायचं, गुडघा दुखत होता?

शिवाय तो चेंडू आउटच होता, असं मला अजूनही वाटतं. निम्म्या वेळा तरी.