तुम्ही विचारलंत म्हणून: नायट्रो ट्रकमध्ये आधी काय बदलू?

नायट्रो ट्रक म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर, खऱ्या छोट्या इंजिनाने पळणारा रिमोटचा ट्रक. त्याबद्दलचा प्रश्न नेहमी एकाच चालीत येतो. गणपतीची आरती झालेली असते, प्रसादाच्या रांगेत कुणीतरी खांद्याला हात लावतं आणि फोन पुढे करतं. "सेकंडहँड टी-मॅक्स मिळालाय, अगदी स्वस्तात. अपग्रेडसाठी तीनशे डॉलर वेगळे काढलेत. हे बघा, कार्टमध्ये टाकून ठेवलंय सगळं. आधी काय घेऊ?" कार्टमध्ये निळं ॲल्युमिनियम असतं. चाकं धरून ठेवणारे आर्म निळे, शॉक ज्यांवर बसतात ते टॉवर निळे, चाकांचे हब निळे, शिवाय धूर सोडणारा एक चकचकीत पाइप आणि पुढची चाकं उचलली तर गाडी उलटू नये म्हणून मागे लावायचा व्हीली बार. मी विचारतो, "एअर फिल्टर शेवटचा कधी धुतला?" समोरच्याचा चेहरा मोदक संपलेत असं सांगितल्यासारखा होतो.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. ट्रॅक्सस ही कंपनी मॅकिनीची, म्हणजे माझ्या घरापासून वीस मिनिटांवरची. टी-मॅक्स त्यांनी १९९९ साली काढला. चारही चाकांना जोर, प्रत्येक चाकाला दोन असे आठ शॉक, दोन गिअर आणि वर रिव्हर्स. नायट्रो गाडी मागेही जाते याचं तेव्हा अप्रूप होतं. पुढे एचपीआय या दुसऱ्या कंपनीचा सॅव्हेज आला, २००४ मध्ये ट्रॅक्ससचाच रेव्हो आला आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची सुगी सुरू झाली. आज बॅटरीवाल्या ब्रशलेस गाड्यांचं राज्य आहे. त्या जास्त पळतात, कमी रडवतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच जुने नायट्रो ट्रक लोकांच्या गॅरेजमधून स्वस्तात बाहेर पडतात आणि म्हणूनच हा प्रश्न माझ्याकडे येतो.

उत्तर देण्याआधी इंजिनाबद्दल थोडं. टी-मॅक्सच्या मोठ्या इंजिनाची क्षमता ३.३ सीसी, म्हणजे चहाच्या चमच्यातही मावेल एवढी. टू-स्ट्रोक, मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात वीसेक टक्के नायट्रोमिथेन आणि तेल. स्पार्क प्लग नाही, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं. सुरू करताना त्याला दीड व्होल्ट देऊन लाल करायचं, मग मिथेनॉलची वाफ त्या प्लॅटिनमला लागून ते स्वतःच तापत राहतं. सिलिंडरची स्लीव्ह वर किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन टोकाशी अडकल्यासारखा लागतो आणि नवखा माणूस घाबरतो, "जाम झालं हो!" जाम नाही. ती पकड म्हणजेच तुमचं कंप्रेशन. नवं इंजिन सुरू करायच्या आधी मी त्याच्या हेडवर हेअर ड्रायर धरतो, म्हणजे स्लीव्ह जरा फुलते. हेअर ड्रायर कुणाचा, हे सांगायला नको. आता गॅरेजसाठी वेगळा घ्यावा लागलाय.

तर ही पकड सगळ्यात जास्त खाणारी गोष्ट: धूळ. बारीक माती आत गेली की ती तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते, आणि दोन-तीन टाक्यांत पिस्टन वरपर्यंत सैल फिरायला लागतो. मग गरम झालं की बंद पडतं, आणि माणूस नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवं इंजिन दीडशे-दोनशे डॉलरचं, फिल्टरचा स्पंज दोन-चार डॉलरचा. स्पंज धुवायचा, पूर्ण वाळवायचा, फिल्टर ऑइल टाकून हातमोजे घालून मळायचा, सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे. मग फिल्टर कार्ब्युरेटरच्या गळ्यावर बसवून झिप टाय आवळायचा. हा झिप टाय विसरला तर बाकीचं सगळं वाया.

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्त करणारे एक चाचा होते. बाबांची स्कूटर त्यांच्याकडे गेली की ते आधी प्लग काढायचे, उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "चहाचा रंग पाहिजे. काळा म्हणजे पाजतोय जास्त, पांढरा म्हणजे उपाशी मारतोय." बाबांना नवा आरसा बसवायचा असायचा. चाचा आरशाकडे बघायचेही नाहीत. मला वाटतं, लोकांच्या कार्टकडे बघताना माझं तोंड तसंच होत असावं.

आता निळ्या ॲल्युमिनियमकडे येतो, कारण तुम्हाला खरं तर त्याबद्दलच ऐकायचंय. मीही घेतले होते. चारही बाजूंचे आर्म, घट्ट, जड, हातात घेतल्यावर खानदानी वाटणारे. पहिल्याच रविवारी रिकाम्या प्लॉटवर रस्त्याच्या कडेच्या काँक्रीटला समोरून धडक बसली. पळत गेलो, आर्मवर नुसता ओरखडा. काय खूश झालो! गाडी उचलली तर पुढचं चाक डुगडुगतंय. आर्म वाकला नाही म्हणून धक्का मागे बल्कहेडमध्ये, म्हणजे आर्म ज्याला जोडलेले असतात त्या पेटीत, गेला होता. दोन चाकांत जोर वाटणारं डिफरन्शियल ज्या खोबणीत बसतं, तिथे केसासारखी चीर. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढचा सगळा भाग उघडला, सव्वीस स्क्रू मोजून डबीत ठेवले, सत्ताविसावा गॅरेजच्या फरशीवर लोळत गेला तो अजून सापडलेला नाही. नायलॉनचा आर्म असता तर एक पिन ओढून दहा मिनिटांत दुसरा बसला असता.

त्या दिवसापासून प्रत्येक सुट्या भागाकडे मी एकाच नजरेने बघतो: आपटल्यावर हा मोडला नाही, तर त्याच्या जागी काय मोडेल? घरातला फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार घालणारे शेजारी तुम्ही पाहिले असतील. आर्म हा ट्रकचा फ्यूज आहे. तो लवचीकच हवा. कॅलिफोर्नियातली आरपीएम नावाची कंपनी नायलॉनचे आर्म बनवते, आपटले की वाकून परत जागेवर येतात, आणि मोडलेच तर बदलून देण्याची हमी असते. दिसायला काळे, ओबडधोबड. फोटोत मजा नाही. पण तीनशे डॉलरमधले पहिले पैसे तिथे टाका.

धातू खरंच लागतो तिथेच घाला. चाकाला जोर पोचवणारे प्लास्टिकचे शाफ्ट पीळ खाऊन सैल होतात, तिथे सीव्हीडी म्हणतात ते स्टीलचे सांधेवाले शाफ्ट घाला. स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरचे, म्हणजे सर्वोचे, दात प्लास्टिकचे असतील तर धातूच्या दातांचा सर्वो घ्या, पण चाकांचा धक्का सर्वोपर्यंत जाऊ न देणाऱ्या सर्वो सेव्हरची स्प्रिंग काढू नका, तोही फ्यूजच आहे. चाकांसाठी रुंद हेक्सचे, म्हणजे षटकोनी, हब घेतले तरी चालतील, त्यांचा उपयोग आहे. निळे घ्या, माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट फेलसेफ, म्हणजे ताबा सुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय, आणि तिथे मी थट्टा करत नाही. माझ्या जुन्या ट्रकला रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरसाठी चार पेन्सिल सेलची डबी होती. सेल मी घातलेले, डबीचं झाकण मीच नीट न लावलेलं. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये वेगरोधकावरून उडी मारली, एक सेल निखळला. वीज गेली की सर्वो जिथे असतो तिथेच राहतो. माझा थ्रॉटल पूर्ण उघडा होता. पाच किलोच्या आसपास वजनाची गाडी, कुणाचंही न ऐकता, सरळ रस्त्याच्या दिशेने. मी चपला घालून मागे. नशिबाने कडेच्या झुडपात घुसली आणि तिथे चारही चाकं गरागरा फिरत, इंजिन किंचाळत राहिलं. पाइपच्या तोंडात फडका कोंबला तेव्हा थांबलं. हात पोळला ते नंतर कळलं.

यात लोक एक गल्लत करतात. नव्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओत फेलसेफ असतो: सिग्नल तुटला की रिसीव्हर स्वतः सर्वोला ब्रेकवर नेतो. पण रिसीव्हरलाच वीज नसेल तर तो काय करणार? त्यासाठी कार्ब्युरेटरच्या दांड्याला एक साधी परतीची स्प्रिंग लागते, वीज गेली की थ्रॉटल ओढून बंद करणारी. दोन्ही हवेत. आणि सुट्या सेलऐवजी पाच सेलचा, सहा व्होल्टचा, आवरणात बांधलेला निकेल मेटल हायड्राइड पॅक घ्या. हा सगळा खर्च चाळीस-पन्नास डॉलरच्या आत बसतो. रेडिओ नवा असेल तर फेलसेफ सेट केलाय का ते चाकं हवेत ठेवून तपासा. रिमोट बंद करा आणि बघा ब्रेक लागतो का. बऱ्याच जणांनी तो कधी सेटच केलेला नसतो.

बाकीचं भराभर सांगतो. क्लच बेलची बेअरिंग आधी मरतात, जोडी नेहमी डबीत ठेवा. टाकी आणि पाइपमधल्या सिलिकॉनच्या नळ्या दरवर्षी बदला. पाइपचाच दाब टाकीतलं इंधन पुढे ढकलतो, त्यामुळे नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी इंजिन उपाशी राहतं. टाकीच्या झाकणाची ओ-रिंगही त्याचसाठी बघा. टी-मॅक्सचं रिव्हर्स ज्याच्यामुळे गाजलं, त्याच गिअरबॉक्सला काही जण फॉरवर्ड-ओन्लीचं किट घालून वजन आणि कटकट कमी करतात. शर्यतीला जात असाल तर करा. अंगणात फिरवणाऱ्याने रिव्हर्स ठेवावं, भिंतीपासून गाडी उचलायला दर वेळी चालत जावं लागत नाही. शॉकमध्ये तेल बदललंत तर आठही शॉकमध्ये एकच ग्रेड घालून सुरुवात करा. चकचकीत पाइपने फरक पडतो, खरंच पडतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये पाइपमधून परत येणारी दाबाची लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पण ते ट्यूनिंग येणाऱ्याला. ज्याला अजून लीन-रिच, म्हणजे इंधन कमी पडतंय की जास्त होतंय, हे कळत नाही त्याने पाइप घेऊ नये.

आणि ते कळण्यासाठीच एक शेवटची खरेदी: इन्फ्रारेड तापमापक. ग्लो प्लगच्या बाजूला रोखायचा. २३० ते २७० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ११० ते १३० सेल्सियस, यात बहुतेक इंजिनं सुखी असतात. पण आकड्यापेक्षा धूर आधी बघा, पूर्ण थ्रॉटलला निळसर रेघ दिसलीच पाहिजे. टेक्सासमध्ये हे फार लागतं. ऑगस्टमध्ये शंभर डिग्री फॅरनहाइटमध्ये तुम्ही नीडल लावता आणि गाडी देखणी पळते. मग डिसेंबरच्या एका थंड सकाळी तीच गाडी तशीच बाहेर काढता. लोकांना वाटतं थंडीत इंजिन आरामात राहील. उलट आहे. थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, तेवढ्याला इंधन पुरत नाही, आणि इंजिन लीन होऊन जळतं. नीडल एक अष्टमांश फेरा उघडायचा, बघायचं, मग परत. अर्धा फेरा एकदम फिरवणाऱ्यांची इंजिनं मी फक्त सुट्या भागांसाठी विकत घेतो.

संध्याकाळी गाडी ठेवताना टाकी रिकामी करा, प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गाडी चालवून झाल्यावर गंज टाळायला घालायच्या तेलाचे, चार थेंब टाका, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवा. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि बेअरिंग गंजतात. सेकंडहँड ट्रक स्वस्त का मिळाला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

पुण्याचा भाचाही हेच विचारतो. त्याला मी वेगळं सांगतो. मी येताना बॅगेत बेअरिंग आणेन, आर्म आणेन, पण इंधन विमानातून आणता येत नाही. जवळच्या हॉबीच्या दुकानात ते नेमाने मिळत असेल तरच नायट्रो घे, नाहीतर ब्रशलेस घे. तो चिडतो. त्याला तो धूर हवाय. मला कळतं, इंधनातल्या एरंडेलाच्या त्या वासासाठी तर मीही अडकलोय.

तेव्हा कार्ट राहू द्या भरलेला, पळून जात नाही. आज घरी गेलात की झिप टाय कापा, फिल्टर काढा आणि त्याच्या मानेच्या आतून पांढऱ्या रुमालाचं टोक फिरवा. नुसतं तेल लागलं तर आर्मची ऑर्डर टाका. रुमाल मातकट निघाला तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, हाताने फिरवून बघा, पिस्टन वर अडकतो का. अडकत नसेल तर रविवारी गाडी घेऊन माझ्याकडे या, चहा टाकतो.