नऊ हजार आठशे, पण कशातले?

मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये मी पीसीआरचे, म्हणजे व्हायरसचा डीएनए मोजणाऱ्या टेस्टचे रिपोर्ट बघते. गेल्या पावसाळ्यात सकाळी सकाळी नेफ्रोलॉजीच्या रेसिडेंटचा फोन, मॅडम त्या साताऱ्याच्या काकांचा सीएमव्ही चौपटीच्या वर गेलाय, गोळ्या लागू पडत नाहीयेत, अ‍ॅडमिट करून इंजेक्शन सुरू करतो, रेझिस्टन्सची टेस्ट पण पाठवू का? सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, किडनी बदललेल्यांना त्रास देणारा व्हायरस. काकांना काकूंनी किडनी दिलेली, चार महिने झाले होते. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर या व्हायरसवरच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा आमच्याकडे रक्तातल्या व्हायरसचा आकडा 2,100 आला होता, आठव्या दिवशी 9,800.

म्हटलं अरे थांब, आधी रिपोर्टचा फोटो पाठव. कारण एक तर पूर्ण डोसवर दोन आठवडे झाल्याशिवाय रेझिस्टन्सचं, म्हणजे व्हायरस औषधाला दाद देत नाही याचं नाव काढायचं नसतं, पहिल्या आठवड्यात आकडा वर जाऊ शकतो. तिपटीच्या आतला फरक, म्हणजे 0.5 लॉग (1 लॉग म्हणजे दहापट), आम्ही टेस्टच्याच चढउतारात धरतो, हा मात्र 0.67 होता म्हणून मलाही धाकधूक होतीच.

फोटो आला आणि सगळं तिथेच दिसलं. प्रवास नको म्हणून सॅम्पल गावाकडच्या लॅबला दिलेलं, टेस्ट होल ब्लडवर, म्हणजे पेशींसकट पूर्ण रक्तावर, आकडा कॉपीज पर एमएल. आमचा प्लाझ्मावर, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवावर, इंटरनॅशनल युनिटमध्ये. होल ब्लडमध्ये पांढऱ्या पेशींच्या आतला व्हायरसचा डीएनए पण मोजला जातो त्यामुळे आकडा बहुतेक वेळा जास्तच येतो. 2010 साली सगळ्या लॅबना एकच माप देणारं डब्ल्यूएचओचं स्टँडर्ड आलं त्याआधी तर एकच सॅम्पल वेगवेगळ्या लॅबमध्ये हजारपटीपर्यंत वेगळं यायचं, आणि आजही दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून वाढलं की कमी झालं हे ठरवता येत नाही. त्या लॅबचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी सॅम्पलचा प्रकार नीट छापला होता, सगळ्यांनी फक्त आकडा वाचला!

काकांच्या पांढऱ्या पेशी 2,400 वर आलेल्या, त्यात हेच औषध शिरेतून म्हणजे त्या अजून खाली जायचा धोका, तोही कदाचित नसलेल्या वाढीसाठी. ते ओपीडीत बसलेच होते, लगेच सॅम्पल घेतलं, प्लाझ्मा वेगळा केला, आमच्याच मशीनवर लावला. संध्याकाळी 1,650. लॉगमध्ये फरक 0.1, म्हणजे जिथल्या तिथे. कमी झालं असंही मी म्हणाले नाही, वाढलेलं नाही एवढंच सांगितलं.

काकांच्या मुलाकडे वही होती, क्रिएटिनिन, नवी किडनी टिकवणाऱ्या टॅक्रोलिमस औषधाची लेव्हल, सगळं तारखेवार लिहिलेलं. मॅडम, मी रात्रभर झोपलो नाही हो, म्हणाला. त्याला शेजारी बसवून समजावलं, त्याने 9,800 वर काट मारली, मी म्हटलं खोडू नको, तो आकडा खरा आहे, फक्त वेगळ्या पानावर लिही.

गोळ्या त्याच डोसवर चालू राहिल्या, दर आठवड्याला आमच्याकडेच टेस्ट. चौथ्या आठवड्यात आकडा मशीनला मोजता येईल त्याच्या खाली गेला. आता आमच्या रिपोर्टवर आकड्याच्या वरच ठळक अक्षरात प्लाझ्मा छापतो, आधी ते तळाशी बारीक टायपात असायचं.